निळं पिंप

सकूला मूल नव्हतं, म्हणून चंदूने दुसरी बायको ठरवली. तेवढ्यात पाणी तपासणाऱ्या बाई त्यांच्या गावी, दाभोशाला येऊन म्हणाल्या, "तुमचं पाणी प्रयोगशाळेत जिवंत पेशींवर टाकून पाहिलं. झऱ्याच्या पाण्याने काही झालं नाही. घरातल्या पिंपाच्या पाण्याने मात्र बाईच्या अंगातलं हार्मोन मिळाल्यासारख्या त्या पेशी वाढल्या. अशा पाण्याने मूल राहायला अडचण येऊ शकते."

ते निळं पिंप फवारणीच्या औषधाचं होतं. चंदूनेच चिकूच्या वाडीवरून आणलेलं.

"ऐकलंस ना आई?" सकू सासूला म्हणाली. "आधी पिंप टाकून बघू."

"खुळी का गं तू? एवढं मजबूत पिंप कोण टाकतं?"

सकूला माहेरी पाठवलं.

 

नव्या सुनेने रिवाजाप्रमाणे झऱ्यावरून पहिला हंडा आणला आणि त्याच पिंपात ओतला.