ताळेबंदाच्या तारखेनंतर

इचलकरंजीतल्या कापड रंगवणाऱ्या एका कंपनीचं वर्ष एकतीस मार्चला संपलं आणि चार एप्रिलला तिथला बॉयलर फुटला. ताळेबंदाखालच्या टिपांमध्ये अकाउंटंट नागसेननं एकच ओळ जास्तीची घातली होती, 'या अपघातात एक कामगार मरण पावला.'

"ही ओळ काढ," ऑडिटर विजयसिंह म्हणाले. "वर्ष संपल्यानंतरच्या घटनेनं कंपनीच्या स्थितीत मोठा फरक पडला, तरच ती लिहायची. अकाउंटिंग स्टँडर्डच हाय तसं."

"माणूस गेलाय की, साहेब."

"व्हय रे, पण महिन्यात नवा बॉयलर बसला. कंपनीला काय फरक पडला?"

नागसेननं पट्टी लावून ओळ हळूच खोडली.

"कोण होता रे तो?" विजयसिंहांनी पान उलटता उलटता विचारलं.

"आमचं वडील, साहेब. म्हणून तर नाव घातलं न्हवतं."