दगडाखालची माती

“काका, दगड इथं पडलाच नाही,” सृष्टी म्हणाली, तसं रामहरीच्या तोंडचं पाणी पळालं.

माघात खर्ड्याजवळच्या या शिवारात उल्केचा दगड पडला होता. ‘माझ्या रानात पडला’ म्हणून रामहरीनं तो तहसीलदाराच्या हवाली केला. पेपरात फोटो आला, आणि गडी आठवडाभर गावातून छाती काढून फिरला. दगडाचा तुकडा पुण्याच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या सृष्टीच्या टेबलावर पोचला.

त्यातल्या खनिजांना अमिनो आम्लांचे रेणू चिकटले होते. हे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे जोडीचे. एरवी दोन्ही सारखेच तयार होतात, पण गवतापासून माणसापर्यंत सगळ्यांच्या प्रथिनांत मात्र डावेच. का, ते अजून कुणालाच सांगता येत नाही. आणि या दगडात डावे थोडे जास्त निघाले! जीव जन्मायच्या आधीच आभाळात पारडं कललं होतं की काय? की ही नुसती पडल्यावर चिकटलेली रानातली घाण? दगडाखालची माती तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. ती मिळाली नाही, तर सृष्टीचं सगळं काम पाण्यात.

“दगडाच्या फटीत तांबडा मुरूम अडकलाय. तुमचं रान सगळं काळं. खरी जागा दाखवा, काका. पाया पडते तुमच्या.”

तांबडं रान बांधापलीकडं होतं. थोरल्या भावाचं, सहादेवचं. याच बांधापायी कोर्टकचेरी झालेली. बारा वर्षं दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आणि आज सहादेव नेमका पलीकडं उभा राहून सगळं ऐकत होता. खरं बोलायचं, तर त्याच्यादेखत चोर ठरायचं.

“हितंच पडला,” रामहरी रेटून म्हणाला.

सृष्टी सहादेवकडं वळली. “तुम्ही तरी सांगा हो.”

“त्यो खरं बोलतोय, पोरी,” सहादेव म्हणाला. “तितंच पडला.”

सृष्टीनं मातीसाठी आणलेली पिशवी मिटली. संपलं सगळं.

रामहरीला मात्र सहादेवचं बोलणं सोसेना. ज्याला कोर्टात खेचलं, त्यानंच पाठीशी घालावं? लाजेनं तो अर्धा झाला.

“न्हाई गं बाई. ह्याच्या रानात पडला. मी उचलून आनला. दादा, चुकलो रे मी.”

“ठावं हाय. मी ज्वारीतच हुतो तवा.” सहादेवनं आपल्या रानातल्या बाभळीच्या फांद्यांच्या ढिगाकडं बोट केलं. “खड्डा झाकून ठिवलाय. समदं रान नांगरलं, तेवढं सोडलं. बारा वर्सांनी माज्या रानात तुजी पावलं उठली हुती. त्येच्यावर नांगर कसा घालू?”