आमोदरावांचा कान

"फोन तुझाच ना?" आमोदरावांनी विचारलं.

"माझाच हाय," ऋतुजा म्हणाली.

"रेकॉर्डिंगही तूच केलंस?"

"मीच केलं. चोरी नाय केली."

आमोदरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कर्वेनगरच्या या निवासी संगीतशाळेचे ते बारा वर्षं संचालक होते. गुन्हा कबूल करून वर ताठ मानेने उभी राहणारी मुलगी त्यांनी अजून पाहिली नव्हती. दोन अश्रू ढाळले असते, तर त्यांनाही मोठ्या मनाने माफ करता आलं असतं. आता ती सोय राहिली नव्हती.

प्रकरण साधं होतं. शाळेचा सगळा लौकिक सरोजिनीबाईंचा. त्यांनी मैफली सोडल्याला सहा वर्षं झाली होती. आता गाणं उरलं होतं ते फक्त पहाटेच्या रियाझापुरतं. सहा वाजता त्यांच्या खोलीचं दार बंद व्हायचं. आत प्रवेश एकट्या ऋतुजाला, तोही तानपुरा धरायला. रियाझ रेकॉर्ड करायचा नाही हा नियम खुद्द आमोदरावांनी केलेला. आणि त्याच रियाझातली ललत रागातली बंदिश, जी बाईंच्या घराण्याबाहेर कुणाला येत नाही, चार दिवस अख्ख्या पुण्याच्या फोनवर फिरत होती. ऋतुजाने ती धानोरीला शकूआत्याला पाठवली, आत्याने स्टेटसला लावली, पुढचं काम जाणकारांनी केलं. 'सरोजिनीबाई, या वयातही हा आवाज', असं ज्याने त्याने खाली लिहिलं होतं.

"शाळेच्या संमेलनात गाणाऱ्यांच्या यादीत नाव नाही, त्याचा राग काढलास?"

"नाव नाय त्याचं वाईट वाटतं," ऋतुजा म्हणाली. "तीन वर्षं वाटतंय. पण राग त्याचा नाय काढला."

यादी आमोदराव करत. प्रवेशाच्या वेळी त्यांनी तिला एकदाच, पाच मिनिटं ऐकलं होतं. 'आवाज रांगडा. तानपुऱ्याला ठीक,' असा शेरा मारून ते मोकळे झाले होते. बाईंनीच हट्टाने तिला ठेवून घेतलं. कार्यालयाच्या भिंतीवर शिष्यवृत्ती मिळवलेल्या अठरा मुलांचे फोटो होते. एकेकाला आपण कसं पहिल्या सुरात ओळखलं, हे आमोदराव पाहुण्यांना सांगत. पाहुणे ऐकून घेत.

समोरच्या खुर्चीत सरोजिनीबाई बसल्या होत्या. या भानगडीपायी त्यांचा आजचा रियाझ बुडाला, याचं आमोदरावांना खरोखर दुःख होतं. रोज सहाला चपला काढून ते त्या बंद दाराबाहेर उभे राहत, डोळे मिटून, हात जोडून. आत षड्ज लागला की त्यांच्या अंगावर काटा येई. दिवसातली तेवढीच वीस मिनिटं ते कुणाचे संचालक नसत.

"बाई, आपण काही बोलणार?"

"रेकॉर्ड कर, असं मीच सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "ऐकल्याशिवाय चूक कळत नाही."

बाई बोलत त्या अशाच, जेमतेम ऐकू येईल इतपत. गाण्यासाठी गळा राखणं म्हणजे काय ते बाईंकडे बघून शिका, असं आमोदराव नव्या मुलांना सांगत.

"आपण तिला पाठीशी घालताय."

"बरं."

"बाई, हा आवाज मी पस्तीस वर्षं ऐकतोय. झोपेतून उठवलं तरी ओळखीन."

"तू म्हणतोस तर असेल, आमोद," बाई म्हणाल्या आणि चहाची वाट बघू लागल्या.

आमोदरावांनी टाइप केलेला माफीनामा पुढे सरकवला. "सही कर. विषय मिटेल. शेवटचं वर्ष आहे, मलाही तुला घालवायची हौस नाही."

ऋतुजाने कागद उभ्याउभ्याच वाचला. "'चूक झाली, पुन्हा होणार नाही,'" ती म्हणाली. "चूक झाली नाय, सर. आणि परत होणार. रोज होणार. सही नाय करायची मला."

चोर तो चोर, वर शिरजोर. आमोदरावांचे कान तापले. "मग सामान आवर. तुझ्या वडिलांना मी आजच पत्र देतो."

"द्या. त्यांना मी सांगितलंय सगळं." तिची मान तशीच ताठ होती. "माझी पिशवी बाईंच्या खोलीत हाय. बाई, जाऊ?"

"जा," बाई म्हणाल्या. "दार लावून घे."

ती गेली. चेतन शिपाई चहा-बिस्किटं ठेवून गेला. बाईंनी कप उचलला आणि बशी त्या माफीनाम्यावर ठेवली. आमोदरावांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि कोरा कागद ओढून पत्राला सुरुवात केली. 'श्री. सर्जेराव यांस. आपल्या कन्येने शाळेच्या विश्वासाला...'

पॅसेजच्या टोकाला तानपुरा झणकारला. मग षड्ज लागला.

आमोदरावांचा हात थांबला. मागोमाग ललत सुरू झाला, तीच बंदिश, तोच भरदार, अंगात उतरणारा आवाज. इतक्या वर्षांची सवय. ते उठून उभे राहिले, पाय आपसूक चपलांतून निघाले, डोळे मिटले, हात जोडले गेले. सकाळपासूनचा सगळा संताप निवला. असा स्वर लावणारं दुसरं माणूस पुण्यात नाही, ते मनाशी म्हणाले. बंदिश समेवर आली, त्यांची मान डोलली आणि तृप्त होऊन त्यांनी डोळे उघडले.

समोरच्या खुर्चीत सरोजिनीबाई चहात बिस्किट बुडवत होत्या.