पार्किंगची चिठ्ठी

बाईंच्या नवऱ्याला घरी सोडायच्या दिवशी हॉस्पिटलचा व्यवस्थापक फोटोग्राफर घेऊन आला. “बाई, हार्ट अटॅक आलेला पेशंट अकराला दारात आणि पाऊण तासात रक्तवाहिनी मोकळी. विक्रम आहे आमचा. जरा हसा.” बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकराला केसपेपर निघेपर्यंत नवरा तासभर बाकड्यावर घामाने निथळत बसला होता. त्या तासाभरात निम्मं हृदय कामातून गेलं. शाळेत तीस वर्षं हजेरी घेतली, पण समोर बसलेल्याला गैरहजर दाखवणारे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. पर्समधून त्यांनी पार्किंगची चिठ्ठी काढली. हॉस्पिटलच्याच गेटवरच्या मशीनने तिच्यावर वेळ छापली होती: १०.०२. “गाडी दहाला आत आली. मग माणूस अकराला कसा आला?” व्यवस्थापकाने फोटोग्राफरला डोळ्यांनीच थांबवलं. “थांबू नका,” बाई चिठ्ठी छातीशी धरत म्हणाल्या. “मी हसते. फक्त फोटोत हिच्यावरची वेळ वाचता आली पाहिजे.”