उलटा टांगलेला ड्यूक

जळगावच्या सोनाराकडून बायकोनं तीनशे वर्षांपूर्वीच्या सोन्याच्या जर्मन नाण्याला पदकासारखी कडी बसवून आणलेली पाहून रुपचंदनानांनी कपाळावर हात मारला. ते मिळवायला त्यांनी मुंबईच्या लिलावांत वर्षानुवर्षं धक्के खाल्ले होते. ओरखडा उठेल म्हणून कुणालाही हात लावू देत नसत. “डबीमा पडेल व्हतं, आते सूनना गळामा शोभी,” यशोदाबाई म्हणाल्या. “शोभी? तापवून मातीमोल केलं! नाण्यावरच्या माणसाला पायाशी कडी लावून उलटा टांगलाय! त्या सोनाराला डोळे आहेत की बटणं?” नाना तणतणत लुनाची किल्ली शोधू लागले. तेवढ्यात नव्या सुनेनं ते गळ्यात घातलं. “नाना, तसं मीच सांगितलं, मान खाली केली की मला सरळ दिसतो. कुठला हो हा राजा?” घरात हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. “राजा नव्हे, ड्यूक!” नाना खेकसले. “बस, सांगतो.”