रबराचं कपलिंग

"उचला मिस्त्री, कोणतं ठेवायचं ते. आज ठरवूनच टाका," मॅनेजर वामनराव म्हणाले.

टेबलावर दोन कपलिंगं ठेवली होती, नागपूरच्या दुकानदारानं नमुन्याले धाडलेली. एक निव्वळ लोखंडाचं. दोन जाड चकत्या, आठ बोल्ट, अन् वजन असं का टेबल कुरकुरे. दुसरं दिसायले तसंच, पण त्याच्या बोल्टायवर रबराच्या बाह्या चढवलेल्या. एक ठेवायचं, एक संध्याकाळच्या मोटारीनं वापस.

नेरच्या त्या कापसाच्या जिनात यंदा सरकी काढायचे सहा रेचे वाढले होते. त्याइले फिरवायसाठी जुन्या शाफ्टाले, म्हणजे त्या लांब फिरत्या दांड्याले, पुढं नवा शाफ्ट जोडायचा होता. त्या जोडावर हे कपलिंग बसणार. शेठजी स्वतः खुर्चीत सुपारी कातरत बसले होते. अन् मन्सूर मिस्त्री समोर उभा.

तो लोखंडच उचलीन, हे सगळ्याइले ठाऊक होतं. लोखंडी कपलिंग म्हणजे मन्सूरचं राज्य. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तो सूत ताणे, एक डोळा मिटून शाफ्ट पाहे, अन् म्हणे, "धावजी, केसभर उचल." धावजी तेलवाला. बेअरिंगायले तेल घालणं त्याचं काम. तो पहारीनं केसभर उचले. लोखंड माफ करत नाही ना. दोन शाफ्ट केसभर वाकडे राह्यले का बोल्ट तुटलाच समजा. मन्सूरचा तीस वर्षांत तुटला नव्हता. रबरी कपलिंगाले तर तो शिव्या घाले. म्हणे, ज्याले सूत दिसत नाही त्यानं रबर लावावं.

गेल्या होळीले मात्र तुटला. बोल्ट उडाला तो रुपीबाईच्या डोक्यावरून गेला, अन् मागच्या टिनाले भोक पाडून बाहेर पडला. रुपीबाई तांड्यावरची, रेच्यावर कापूस टाकणारी. जोडाजवळच तिची जागा. पुंजका उचलायले वाकली होती म्हणून वाचली. पदर झटकत म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, तुमच्या बोल्टाले माह्या डोक्यातल्या उवा पाह्याच्या होत्या का?" सारे हासले. बोल्टाचा मालच खराब होता, असं ठरलं.

मन्सूर हासला नाही. त्या सकाळी त्याले सूत एक नाही, दोन दिसले होते. दोन्हीतलं एक खरं धरून त्यानं जोड बसवला. ते खोटं निघालं.

मोतीबिंदू होता. चष्म्यानं भागत नव्हतं. थोरला भाऊ युनूस असाच डोळे कापून घ्यायले गेलता. अंधार घेऊन वापस आला. तवापासून मन्सूर दवाखान्याच्या रस्त्यानंही जात नसे. घरी फक्त बायकोले माहीत. खैरुनबी म्हणे, "मालकाले सांगून टाका ना." तो म्हणे, "सांगतो. मंग तू चुलीवर काय ठेवशीन?"

उन्हाळाभर त्यानं हेच घोकलं. लोखंड ठेवलं का सूत धरा लागते, अन् जोडाजवळ रुपीबाई बसते. डोळ्याचं सांगितलं का उद्या घरी बसा लागते. राह्यलं काय, रबर.

त्यानं रबराचं कपलिंग उचललं.

वामनराव चष्म्यावरून पाहतच राह्यले. "मन्सूरभाई, अंगात ताप आहे का? मागच्या खेपेला हेच तुम्ही खिडकीतून फेकायला निघाला होता!"

"तवाचं तवा गेलं, साहेब. नव्या शाफ्टाचा पाया काळ्या मातीत हाये. पाणी पेलं का ही माती फुगते, ऊन लागलं का फाटते. शाफ्ट आज सुतात असला तरी आखाडात राहीन काय? लोखंड ताठ. ते तुटीन. रबर दबीन, पण तुटणार नाही. बायाइच्या जिवाले धोका नाही."

एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून जीभ सुटली ते सुटलीच.

शेठजीचा अडकित्ता थांबला. "अन् ते तुमचं सूत?"

"याले सूत लागतच नाही, शेठजी. फूटपट्टी आडवी ठेवली का झालं. थोडं इकडंतिकडं रबर पोटात घेते. कोणीही बसवीन."

"कोणीही म्हणजे? हा धावजी?"

धावजी दारात तेलाची झारी घेऊन उभा होता. आपलं नाव ऐकून बिचकला.

"धावजीही बसवीन," मन्सूर छाती काढून म्हणाला. "डोळे मिटून बसवीन."

शेठजी खूश झाले. उठले, वामनरावायकडं पाहून मान हलवली, अन् सुपारी चघळत बाहेर गेले. धावजीही त्याइच्या मागं सटकला.

मन्सूरच्या छातीवरून सहा महिन्यांचा दगड उतरला. रुपीबाई वाचली, आपणही वाचलो. कधी नाही ते त्यानं स्टूल ओढलं, बसला, अन् लोखंडी कपलिंग वापस करायले पोत्यात भरू लागला. वामनरावायसमोर वापसीचा कागद होता, पण पेन त्याइनं उचललं नाही.

"लिवा ना साहेब. गाडीचा टाइम होऊन राह्यला."

"काय करून बसलात हो, मन्सूरभाई," वामनराव हळूच म्हणाले. "दोन वर्षं झाली, शेठजी माझ्या मागे लागलेत, मिस्त्रीला घरी पाठवा म्हणून. आणि दोन वर्षं मी त्यांना एकच विचारून गप्प करत होतो, मग सूत कोण धरेल?"