दुखरा गुडघा

डॉक्टरांनी संमतीपत्र पुढे सरकवलं. "हृदयाचं पंपिंग पंचवीस टक्क्यांवर आलंय. अँजिओग्राफीत धोका आहे, न करण्यातही आहे. दोन वर्षांपूर्वी, हृदयात जोर असताना, स्ट्रेस टेस्ट पूर्ण झाली असती तर सगळं सोपं होतं. गुडघा दुखला म्हणून अर्धवट सोडलीत ना?"

वासुदेवरावांनी मान खाली घातली. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस. त्या दिवशी धावत्या पट्ट्यावर कळ आली होती ती छातीत. ऑपरेशनच्या धास्तीनं त्यांनी गुडघ्याचं नाव पुढे केलं होतं. तेव्हापासून बायको, शालनबाई, रोज संध्याकाळी तो गुडघा तेलानं चोळत होत्या.

आजही वॉर्डात त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली. वासुदेवरावांनी पाय आखडून घेतला.

"राहू दे. गुडघा कधी दुखलाच नव्हता गं."

"ठाऊक आहे. कधी उजवा पुढे करता, कधी डावा."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

शालनबाईंनी बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

"तेल चोळलं की मलाही वाटायचं, दुखणं गुडघ्याचंच आहे."